पाच टनांचा गर्डर

यादव भोये जीपमध्ये बसायच्या आधी चारही टायर पायानं ठोकून बघायचा. सुरगाण्याहून नाशिकला माणसं कोंबून आणणाऱ्या जीपवाल्यांना त्याची ही खोड पाठ होती. "ठोक मामा, ठोक. तुझं झालं की निघू," म्हणत ते खुशाल बिडी ओढत बसायचे. दुकानात तांदूळ घेताना हा पारड्याखाली हात फिरवून बघणार, डॉक्टरनं गोळी दिली तर कंपाउंडरला पुन्हा विचारणार. पाड्यावरची माणसं म्हणायची, "याद्याला देवानं सोताच्या हातानं घास भरवला ना, तरी हा आधी देवाचे हात बघील."

त्याची बायको भागीबाई मात्र सांगायची, की लग्न झालं तेव्हा हा असा नव्हता. तेव्हा तो डोळे मिटून कुणावरही भरवसा टाकायचा.

गुजरातच्या हद्दीला चिकटलेल्या पाड्यावरचा हा माणूस. आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकला. भात-नागलीचं काम उरकलं की अख्खा पाडा दिंडोरीकडं द्राक्षबागांत जायचा, तसा तोही जायचा. पण त्याला उंचीची भीती नव्हती आणि दोरखंडाची गाठ हातात उपजत होती. तेवढ्यावर एका ठेकेदारानं त्याला कारखाने उभारायच्या कामावर खलाशी म्हणून नेलं. खलाशी म्हणजे जड लोखंड साखळीनं उचलायचं, हलवायचं आणि नेमक्या जागी ठेवायचं काम करणारा.

एक्याण्णव साली अशाच एका उभारणीच्या कामावर दोन टनांची मोटर उचलताना वरचा गर्डरच खाली आला. त्या गर्डरवर लाल रंगानं ठसठशीत लिहिलं होतं, 'सुरक्षित भार ३ टन'. यादवचा चुलतभाऊ केरू खाली उभा होता. तो वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशी झाली, साहेब लोक गाड्यांतून आले, फोटो काढून गेले. काय निघालं ते खलाशांना कुणी सांगितलं नाही. केरू पाड्यावर परत गेला आणि उंबऱ्यात बसून राहू लागला. यादवच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घट्ट बसली. तीन टन लिहिलं होतं, आणि दोन टनांना पडला. म्हणजे लिहिणारा खोटं लिहितो.

त्या दिवसापासून त्याचा आकड्यावरचा विश्वास उडाला आणि हळूहळू माणसांवरचाही.

सत्त्याण्णव साली तो अंबडच्या एमआयडीसीत सुनील देवरे यांच्या वर्कशॉपमध्ये लागला. देवरे मूळचे देवळ्याचे. घरचा कांदा सोडून त्यांनी लोखंडात हात घातला होता आणि धंदा चांगला चालला होता. साखर कारखान्यांचे गिअरबॉक्स, मोठाल्या टाक्या, प्रेसचे सांगाडे असलं दुरुस्तीचं काम तिथं यायचं. शेडच्या मधोमध, दोन खांबांवर सहा मीटर लांबीचा, इंग्रजी 'आय' अक्षरासारखा वर-खाली रुंद पट्टी असलेला एक लोखंडी गर्डर आडवा टाकलेला होता. त्याच्या खालच्या पट्टीवर ट्रॉली धावायची आणि ट्रॉलीला ओझं उचलायचा साखळीचा चेन ब्लॉक लटकायचा. गर्डरवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'सुरक्षित भार ५ टन'.

"कोणी लिव्हलं हे?" पहिल्याच दिवशी यादवनं विचारलं.

"पेंटरनं," वेल्डर पुंजाराम हसत म्हणाला. "दुसरं कोण लिहिणार?"

पुंजाराम हा वर्कशॉपचा जुना वेल्डर. शहरातल्या बौद्ध वस्तीत राहणारा, नीटनेटका, कामात वाघ. शहाण्णव साली ही शेड उभी राहिली तेव्हा तो गर्डर त्याच्याच हातानं बसला होता. सुरुवातीला यादव त्याच्याकडंही तिरकंच बघायचा, पण चार वर्षं एकत्र डबा खाल्ल्यावर तिरकेपणा बराच निवळला. यादवच्या डब्यातली नागलीची भाकरी पुंजारामला आवडायची. पुंजारामच्या बायकोच्या, लताबाईच्या हातचे सुके बोंबील यादव मागून घ्यायचा. यादवला मित्र म्हणावा असा शहरात हा एकच माणूस होता.

दोन हजार एकच्या जून महिन्यात एका साखर कारखान्याचा गिअरबॉक्स दुरुस्तीला आला. त्याच्या पाटीवर वजन होतं चार हजार दोनशे किलो. गेली दोन वर्षं त्या गर्डरवर दोन-सव्वादोन टनांच्या वर काही चढलं नव्हतं. यादवनं पट्टे घातले, गाठी तपासल्या, माणसं मागं सारली आणि साखळी ओढायला सांगितली. गिअरबॉक्स जमिनीपासून वीतभर उचलला गेला. बाकीचे सगळे गिअरबॉक्सकडं बघत होते. यादव वर बघत होता.

त्याला दिसलं, की गर्डरचा मधला भाग भिंतीच्या बाजूला सरकतोय. फार नाही, अंगठ्याएवढाच. आणि नुसता सरकत नव्हता, झोपलेला माणूस कूस बदलतो तसा किंचित वळत होता. ट्रॉलीच्या एका चाकानं बारीक किंकाळी फोडली.

"खाली घ्या! खाली घ्या!" यादव ओरडला.

गिअरबॉक्स टेकला. गर्डर पुन्हा सरळ झाला, जसं काही झालंच नव्हतं. देवरे केबिनमधून धावत आले.

"काय झालं?"

"शेठ, गर्डर कूस बदलतोय."

पोरं हसली. देवरेंनी वर बघितलं. गर्डर नाकासमोर सरळ होता.

"यादव, लोखंड आहे ते. म्हैस नाही कूस बदलायला."

"म्या डोळ्यांनी पाह्यलं."

"पाच टनाचा आहे तो. सव्वाचार टनाला काय धाड भरली?"

"पाच टन पेंटरनं लिव्हलंय, शेठ."

देवरे वैतागले. गिअरबॉक्स उघडायला चार दिवसांची मुदत होती. तू नाही उचललास तर दुसरा उचलेल, असं ते म्हणाले. तेव्हा यादवनं एक विचित्र गोष्ट केली. आपल्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप आणलं, शिडी लावून वर चढला आणि ट्रॉली साखळीनं खांबाशी बांधून तिला कुलूप ठोकलं. किल्ली कनवटीला लावली. नोकरी जाण्याची वेळ होती, पण देवरेंनाही कुठूनतरी केरूची गोष्ट कळलेली होती. ते म्हणाले, "चार दिवस. त्यात सिद्ध कर, नाहीतर ते कुलूप घेऊन घरी जा."

सिद्ध करायचं म्हणजे काय करायचं, हे यादवला लगेच सुचलं नाही. पण संशय घेणाऱ्याला धागा सापडायला वेळ लागत नाही. स्टोअरमध्ये स्टील टेबलचं एक छोटं, तेलकट झालेलं पुस्तक पडलेलं असायचं. कोणत्या मापाच्या गर्डरचं वजन किती, जाडी किती, हे सगळं त्यात कोष्टकांत छापलेलं. यादवनं ते उचललं. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, पण आकडे वाचता यायचे. त्यानं गर्डरची उंची मोजली. तीनशे मिलिमीटर. पुस्तकात बघतो तर तीनशे उंचीचे गर्डर दोन प्रकारचे. एक मध्यम, मीटरला चव्वेचाळीस किलोचा, पट्टीची जाडी बारा पॉइंट चार. दुसरा हलका, मीटरला सदतीस-अडतीस किलोचा, पट्टीची जाडी नऊ पॉइंट चार. खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसणार.

जाडी मोजायचं व्हर्नियर मागून घेऊन यादव पुन्हा शिडीवर चढला. खालच्या पट्टीची कड व्हर्नियरच्या चिमटीत धरली. आठ मिलिमीटर! त्यानं तीन जागी मोजलं. आठ, आठ, आठला थोडं कमी. पट्टीची रुंदीही मोजली, ती एकशेचाळीस भरली. पण रुंदीशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

गर्डर हलका टाकलाय. टाकला कुणी? पुंजारामनं.

एकदा हे मनात शिरल्यावर यादवला चार वर्षांतलं सगळं वेगळंच दिसायला लागलं. 'पेंटरनं लिहिलं' म्हणताना पुंजाराम का हसला होता? कूस बदलतो म्हटल्यावर बाकीची पोरं हसली, तेव्हा तो गप्प का उभा होता? आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुंजारामनं घरावर वरची खोली बांधली ती शहाण्णव सालीच. त्या खोलीखाली भक्कम लोखंड टाकलंय, असं त्यानंच एकदा डबा खाताना अभिमानानं सांगितलं होतं. इथला मध्यम तिथं आणि तिथला हलका इथं. यादवनं मनातल्या मनात गर्डर उचलून हलवलासुद्धा.

रात्री अंबडजवळच्या भाड्याच्या खोलीवर भागीबाईला त्यानं हे सांगितलं. ती नागलीचं पीठ चाळत होती.

"तुमी इचारलं का त्याला?"

"चोराला इचारतात का?"

"चोर हाय हे कोणी सांगितलं?"

"माप सांगतंय."

भागीबाईनं चाळणी बाजूला ठेवली. "माप काय सांगतंय ते मला कळत नाय. पण तुमी पडला होता तापानं, तवा आठ दिवस दवाखान्यात डबा कोणी आणला, ते मला ठावं हाय."

यादवलाही ते आठवलं. पण त्याचं मन बदललं नाही.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पुंजारामनं त्याला घरी बोलावलं होतं. त्याची मुलगी स्नेहा दहावी पास झाली होती. यादव गेला. पेढे घेऊन गेला. पण शर्टाच्या आतल्या खिशात मापाची टेप होती.

घर भरलेलं होतं. लताबाई बायकांना चहा देत होती, स्नेहा लाजत सगळ्यांच्या पाया पडत होती. यादवनं पेढे दिले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि "वरची खोली बघतो जरा" म्हणून मागच्या जिन्याशी गेला. जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळकांडीत तो लोखंडी आधार उघडा दिसत होता. त्यानं टेप काढली आणि चवड्यांवर उभा राहून माप घेऊ लागला.

"भाऊजी, काय मापताय?"

लताबाई हातात ट्रे घेऊन मागं उभी होती.

"काय नाय वैनी. पाड्यावर घर बांधायचं मनात हाय. म्हटलं, माप घ्यावं."

लताबाईच्या मागं पुंजाराम होता. त्यानं टेप बघितली, मग यादवचा चेहरा. पुंजारामला काही सांगावं लागलं नाही. दोन दिवस वर्कशॉपमध्ये व्हर्नियर घेऊन शिडीवर चढणारा यादव त्यानं बघितलाच होता.

"रेल्वेचा जुना रूळ आहे तो," तो शांतपणे म्हणाला. "गर्डर नाही. हात लावून बघ, वरती गोल डोकं लागेल. भंगारवाल्याकडून घेतलाय. लता, ती पावती आण."

"पावती कशाला रे..."

"नाही, बघ तू. लता, आण."

लताबाईनं ट्रे खाली ठेवला. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि घडी मोडून जीर्ण झालेला कागद आणून यादवच्या हातात दिला. यादवनं तो वाचला नाही. नुसता हातात धरून उभा राहिला. बाहेर कुणीतरी स्नेहाचा फोटो काढत होतं.

"आमच्या घरी पाणी प्यायच्या आधी लोकांनी आमची भांडी तपासलीत, यादव," पुंजाराम म्हणाला. "ते मला सवयीचं आहे. तू तसला नाहीस असं समजत होतो, एवढंच."

यादव चहा न घेता निघाला. रस्ताभर त्याला लाज वाटत होती, पण लाजेच्या तळाशी संशय तसाच बसून होता. इथं नाही लावला, तर मग विकला असेल. कारण आठ मिलिमीटर म्हणजे आठ मिलिमीटर.

तिसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि शहरात कॅनडा कॉर्नरला गेला. शेडचे नकाशे जिथं बनले होते ते इंजिनिअरचं ऑफिस तिथं होतं. साहेब बाहेरगावी होते. सरिता नावाची तिशीची बाई ड्रॉइंग बोर्डापाशी बसली होती. शहाण्णव साली ती तिथं नवीन लागली होती आणि देवरेंच्या शेडचा नकाशा तिनंच काढला होता. यादवनं हे ऐकलं आणि लगेच सावध झाला. म्हणजे ही पण त्यातलीच असू शकते.

"मॅडम, मला एकच सांगा. त्या गर्डरवर किती वजन चालंल? कागदावर करून दाखवा. माझ्या डोळ्यांदेखत."

सरितानं त्याच्याकडं नीट बघितलं. असं गिऱ्हाईक त्या ऑफिसात कधी आलं नव्हतं. तिनं समोर खुर्ची सरकवली. "बसा मामा. माप काय घेतलंत?"

"उंची तीनशे. पट्टीची जाडी आठ. हलका टाकलाय त्यांनी."

"जाडी कुठं मोजलीत?"

"कडंला."

"कड निमुळती असते या गर्डरची. आतून जाड, बाहेर पातळ. पुस्तकातली जाडी असते ती पट्टीच्या मध्यावरची." तिनं कागदावर आकृती काढून दाखवली. "कडेला साधारण आठच भरायला हवी. हलका असता तर कडेला साडेचारच भरली असती. आणि रुंदी?"

"एकशेचाळीस."

"हलक्याची दीडशे असते. म्हणजे तुमचा मध्यमच आहे. जसा सांगितला होता तसाच."

यादवनं ती आकृती पुन्हा बघितली. चांगली बातमी ऐकून आपलं तोंड का पडलंय, हे त्याचं त्यालाच कळेना. दोन दिवस त्यानं पुंजारामला मनात चोर ठरवून ठेवलं होतं. तो चोर असा अचानक निसटून गेला आणि यादवचे हात रिकामे राहिले.

सरिता गणित करत होती आणि प्रत्येक पायरी मोठ्यानं सांगत होती. "गर्डर वाकायला किती विरोध करतो, त्याचा हा आकडा. पाचशे त्र्याहत्तर. पोलादावर एका चौरस सेंटिमीटरला सोळाशे पन्नास किलोच्या वर ताण येऊ द्यायचा नाही. दोन्हींचा गुणाकार. त्याला चारनं गुणायचं आणि सहाशे सेंटिमीटरनं भागायचं, कारण सर्वांत वाईट वेळ म्हणजे ओझं बरोब्बर मध्यावर असताना. किती आले?"

यादवनं कॅल्क्युलेटरवर स्वतः दाबून बघितलं. सहा हजार तीनशे.

"यातून गर्डरचं स्वतःचं वजन, ट्रॉली आणि चेन ब्लॉकचं वजन, साखळीचा हिसका, आणि थोडं हातचं राखून. उरले पाच टन. आकडा पेंटरनं नाही काढला, मामा. आम्ही काढला."

"मग तो कूस का बदलतो?"

सरिताचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

यादवनं पाहिलं ते सगळं सांगितलं. अंगठ्याएवढं सरकणं, ते वळणं, चाकाची किंकाळी. या वेळी समोरचं माणूस हसलं नाही. सरितानं प्लॅस्टिकची फूटपट्टी घेतली, दोन पुस्तकांच्या फटीत तिची टोकं अडकवून कडेवर उभी केली आणि म्हणाली, "दाबा मधोमध." यादवनं बोटानं दाबलं. पट्टी खाली वाकायच्या आधी आडवीच झाली, बाजूला पडली.

"ओझ्याखाली गर्डरची वरची बाजू दाबली जाते. दाबली गेली की ती पळवाट शोधते, बाजूला. म्हणून तिला बाजूनं धरून ठेवायचं असतं." तिनं पट्टीची वरची कड दोन ठिकाणी चिमटीत धरली. "आता दाबा." यादवनं जोर लावला. पट्टी हलली नाही.

सरिता उठली, कपाटातून नकाशाची गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. गर्डरच्या वरच्या पट्टीपासून भिंतीकडच्या तुळईपर्यंत चार बारीक रेघा काढलेल्या होत्या. "हे चार आडवे अँगल. गर्डरला धरून ठेवायला दिलेत. हे असतील तर पाच टन. नसतील तर अडीचच्या वर मी तरी हो म्हणणार नाही. हे जागेवर आहेत ना?"

यादव त्या चार रेघांकडं बघत राहिला.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एक उंच टाकी कामाला आली होती. ती भिंत आणि गर्डर यांच्यामधल्या जागेत हायड्रा क्रेननं उभी करायची होती. टाकीचं डोकं वरच्या अँगलना अडकत होतं. ड्रायव्हर शिव्या देत होता, ऊन मी म्हणत होतं. त्या अँगलना दिव्यांच्या वायरी बांधलेल्या असायच्या, म्हणून ते वायरींसाठीच असतात असं सगळे धरून चालले होते. तेव्हा एक माणूस खालून ओरडला होता, "काप रे ते चारी! टाकी गेल्यावर परत लावू." आणि पुंजारामनं गॅस कटर पेटवला होता.

ओरडणारा माणूस यादव होता.

"मामा? आहेत ना जागेवर?"

"नाय," यादव म्हणाला. "म्या कापायला लावलं."

तो ऑफिसातून बाहेर पडला तेव्हा त्याला आपल्या घराची बससुद्धा आठवेना. दोन वर्षं त्या गर्डरखाली पोरं वावरत होती. पुंजाराम वावरत होता. प्रत्येक आकड्यावर, प्रत्येक माणसावर त्यानं संशय घेतला होता. स्वतःवर घ्यावा, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी तो सरळ देवरेंच्या केबिनमध्ये गेला आणि पुंजारामवर घेतलेल्या संशयासकट उभ्यानं सगळं सांगितलं. देवरे चिडले की त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निसटायची.

"हाई काय नवीन शे आते? परवा पुंजाराम चोर होता, आज तू चोर? त्या ऑफिसला काम मिळवून द्यायचं ठरवलंस काय?"

"शेठ, मॅडमला बोलवा. त्या समोर सांगतील. मला कामावरून काढायचं तर काढा. पण अँगल लागल्याबिगर कुलूप काढणार नाय."

देवरेंनी फोन लावला. पाच मिनिटं ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "पुंजारामला बोलाव," एवढंच ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी साखर कारखान्याला फोन करून दोन दिवस मागून घेतले.

पुंजाराम आला. काय करायचं ते त्यानं नकाशावर बघून घेतलं, यादवकडं न बघता. चार नवे अँगल कापले, शिडीवर चढला. यादव खालून एकेक अँगल दोरीनं वर पाठवत होता. तीन लागेपर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही. चौथ्याच्या वेळी यादव म्हणाला, "तवा मीच कापायला लावलं. तुला आठवत व्हतं?"

पुंजारामनं तोंडावरची वेल्डिंगची काच वर केली. "कापणाऱ्याला आठवतंच. मी तेव्हा दोनदा विचारलं होतं, परत कधी लावायचे. तू म्हणालास, टाकी जाऊ दे. टाकी गेली, मग कोण विचारतंय."

"मग सांगितलं का नाय, गर्डर वळला तवा?"

"मला काय माहीत ते कशाला होते? मीही वायरींचेच समजत होतो. पण तू मला विचारलं असतंस, की बाबा, इथलं काही काढलंय का आपण, तर तिथल्या तिथं सांगितलं असतं." त्यानं काच खाली ओढली. "तू मला विचारलंच नाहीस. माझ्या घराला विचारलंस."

मग ठिणग्या पडायला लागल्या आणि बोलणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सरिता स्वतः आली. गर्डरला पट्ट्यांनी लोखंडी पाळणा टांगला. वजनकाट्यावर मोजून आणलेल्या जाड प्लेटा हायड्रानं एकेक करून त्यात ठेवल्या. पाच टन झाले, मग सव्वासहा. सगळ्यांना शेडबाहेर काढलं होतं. सरिता दारातून दुर्बिणीनं गर्डरला चिकटवलेली मोजपट्टी वाचत होती. गर्डर मध्यावर सोळा मिलिमीटर खाली वाकला. बाजूला केसभरही गेला नाही. तासाभरानं प्लेटा उतरवल्या आणि तो होता तिथं परत आला.

"आता झालं समाधान?" देवरेंनी विचारलं.

"एकदा अजून वाचा ना, मॅडम," यादव म्हणाला. सरितानं हसून पुन्हा वाचलं.

यादवनं कुलूप काढलं. दुपारी गिअरबॉक्स उचलला गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, देवरेंनी भजी मागवली. पुंजारामनं आपली भजी घेतली आणि तो लेथच्या पलीकडं जाऊन बसला.

यादवची नोकरी गेली नाही. गर्डरवरचा जुना आकडा खरवडून नवीन लिहिला गेला, आणि त्याखाली यादवच्या हट्टानं आणखी एक ओळ आली, 'चारही आडवे अँगल जागेवर असतील तरच'. त्याचा स्वभाव काही बदलला नाही. जीपवाले अजून थांबायचे, दुकानदार अजून कुरकुरायचा. बदललं ते एवढंच, की काही बिघडलं की तो आधी वहीत बघायचा. त्या वहीत त्यानं स्वतः कुठं काय काढलं, काय सोडलं, काय उद्यावर टाकलं, ते तारखेनिशी लिहून ठेवायला सुरुवात केली होती. अक्षर वाकडंतिकडं होतं. भागीबाई म्हणायची, "आता सोतावर बी पाळत ठेवतात."

पुंजारामशी बोलणं सुरू व्हायला पाऊसकाळ गेला. आधी कामापुरतं, मग थोडं इकडचं तिकडचं. डबा मात्र वेगवेगळाच. यादवनं माफी मागितली होती, लताबाईचीही मागितली होती. तिनं "असू द्या भाऊजी" म्हटलं होतं. पण घरी या, असं ती म्हणाली नाही. पुढची सहा वर्षं कुणीच म्हणालं नाही आणि यादवनंही अपेक्षा धरली नाही. ज्या घराच्या भिंतींवर आपण संशय घेतला, तिथं पुन्हा कोणत्या तोंडानं जायचं?

दोन हजार सातच्या मे महिन्यात पुंजारामनं वर्कशॉपमध्ये पत्रिका वाटल्या. स्नेहाचं लग्न होतं. एकेक पत्रिका देत तो यादवपाशी आला. पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'श्री. यादव भोये, सौ. भागीबाई व परिवार'.

"जेवायलाच या दोघं," तो म्हणाला आणि पुढं गेला.

भागीबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. दोघं लवकर पोचले. कॉलनीच्या मैदानात मोठा मांडव घातला होता. यादवनं ठरवलं होतं, की आज मान वर करायची नाही. खुर्चीत बसून तो समोरच्या पंख्याकडं, पोरांकडं, स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला. पण खलाशाचे डोळे ऐकतात थोडेच? स्टेजच्या डाव्या बाजूच्या खांबाला ताणून बांधलेली दोरी सैल होती. वारा आला की खांब दोन बोटं झुकत होता. यादव खुर्चीच्या कडेवर सरकला. भागीबाईनं कोपरखळी मारली, "बसा गप."

पुंजाराम पाहुण्यांचं करत फिरत होता. तो यादवच्या खुर्चीपाशी थांबला आणि त्याच्या नजरेमागं बघून म्हणाला, "बघितलंस ना?"

"कायतरी... म्हणजे तसं काय नाय."

"दोरी ढिली आहे. मांडववाल्याला दोनदा सांगितलं, ऐकत नाही. चल, तुझी गाठ पक्की असते."

यादव उठला. नवऱ्या मुलीच्या बापानं कोट काढून खुर्चीवर ठेवला. एकानं खांब सरळ धरला, दुसऱ्यानं खुंटीपाशी बसून दोरी आवळली. लताबाई स्टेजजवळून ते बघत होती. गाठ बसल्यावर तिनं हाक मारली, "भाऊजी, हात धुऊन घ्या. पहिल्या पंगतीला ताटं मांडलीत."